दुसरा मीटर हवाच, पण गाडीसाठी नाही

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आमचं घर पावसजवळच्या एका वाडीत आहे. वडिलोपार्जित, चिऱ्याचं, माजघराच्या दोन अंगांना दोन बिऱ्हाडं. एकीकडे मी आणि बायको, दुसरीकडे धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं. चुली वेगळ्या, पण लाईटचा मीटर एकच, आणि तो अजून वडिलांच्या नावावर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. बिल आम्ही निम्मं-निम्मं भरत आलो.

मी रोज रत्नागिरीला नोकरीला जातो. गेल्या वर्षी इलेक्ट्रिक कार घेतली आणि महिन्याचा वापर १७० युनिटांवरून ३१० वर गेला. गाडीचे जेवढे युनिट तेवढा हिस्सा मी वेगळा द्यायला लागलो, तरी भावजयीचं म्हणणं एकच, "आमचंही बिल वाढलंय." ती घरी कोकम सरबत आणि आगळ करून विकते. गाडीमुळे अख्खं घर कमर्शियलमध्ये जाईल, असंही तिला कोणीतरी सांगितलं. रोजची धुसफूस नको म्हणून मी गाडीला स्वतंत्र मीटर घेतला. त्यावर आलेली तिन्ही बिलं कमर्शियल दराची! वीज कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर "गाडीचा मीटर म्हणजे कमर्शियलच" असं उत्तर मिळालं. त्यात डोंबिवलीची बहीण फोनवर विचारते, "मीटर तुझ्या एकट्याच्या नावावर कसा झाला?"

हा मीटर ठेवू की परत करू? जास्तीचे पैसे परत मिळतील का? आणि भावजयीचं खरं की माझं?

उत्तर:

नमस्कार दादा,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. भावजयीचं खरं आहे. तुम्ही कोणाला फसवलंत असं मुळीच नाही. युनिटांच्या प्रमाणात पैसे वाटून घेणं कोणालाही न्याय्यच वाटेल. पण घरगुती लाईट बिल त्या रीतीने चढत नाही, आणि तुमच्या घरातली सगळी कुरबुर तिथूनच सुरू झाली आहे.

घरगुती दर टप्प्यांचा असतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग, आणि ५०० च्या पुढचे सर्वांत महाग. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात पाऊल पडलं की दर जवळजवळ दुप्पट होतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशाने हे दर बदलत राहतात, म्हणून मी इथे वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा आकार) धरून गोल आकडे घेते. पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १४. इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या फरकापोटी लागणारा) आणि १६ टक्के वीज शुल्क तूर्त बाजूला ठेवते. तुमच्या बिलावरचे खरे दर घालून हाच हिशेब पुन्हा करून बघा, रुपये थोडे हलतील, पण कल तोच राहील.

गाडी येण्यापूर्वी १७० युनिटांचे १३७० रुपये होत. ६०० पहिल्या शंभराचे, ७७० पुढच्या सत्तरचे. गाडीचे १४० मिळाल्यावर ३१० युनिटांचे झाले २९४०. म्हणजे गाडीमुळे वाढ झाली १५७० रुपयांची. तुम्ही मात्र युनिटांच्या प्रमाणात, ३१० पैकी १४० असा वाटा काढलात, तो येतो सुमारे १३२८. उरलेले २४२ रुपये दर महिन्याला दोन्ही घरांच्या खात्यात गेले, आणि त्यातले निम्मे भावाने भरले. स्वस्त शंभर युनिट आधी घराचे होते. गाडीने येऊन त्यात वाटा मागितला आणि महागाचा हिस्सा सगळ्यांवर सारखा पसरला. भावजयीने कागदावर हिशेब मांडला नसेल, पण महिन्याचं सामान भरणाऱ्या बाईला शंभर-सव्वाशे रुपये कुठून कमी पडले ते बरोबर कळतं.

एकाच मीटरवर राहायचं असतं तर न्याय्य वाटणी अशी झाली असती: गाडीविना बिल किती आलं असतं ते काढायचं, ते निम्मं-निम्मं करायचं, आणि वरची सगळी वाढ गाडीवाल्याने सोसायची. त्यासाठी चार्जरच्या लाइनवर एक छोटा सब-मीटर पुरतो. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, वायरमन तासाभरात बसवून देतो. गाडीच्या ॲपमधला आकडा यासाठी वापरू नका. बॅटरीत किती गेलं ते ॲप सांगतं. चार्जर आणि तारांमध्ये गेलेली वीज त्यात धरलेली नसते, मीटर मात्र तीही मोजतो.

पण तुमच्या घरी एवढ्याने भागणार नाही, त्याला कारण कोकम.

भावजयीला कमर्शियलबद्दल कोणी सांगितलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सांगणाऱ्याने हवेत बाण मारलेला नाही. राहत्या घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्याला घरगुती दर मिळतो, तो एका अटीवर: वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटांच्या आत हवा. वर्ष संपल्यावर हे तपासलं जातं. आकडा ओलांडलेला असेल तर आधी कळवून पुढे त्या वापराला लागू असलेला दर लावतात. तुमचं घर १७० युनिटांवर होतं तोवर भावजयीच्या बाटल्यांकडे कोणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. ३१० गुणिले १२ म्हणजे ३७२०. गाडी त्याच मीटरवर वर्षभर चालली असती तर तुमच्या रत्नागिरीच्या फेऱ्यांपायी तिच्या सरबताचा घरगुती दर गेला असता. तिची भीती निराधार नव्हती. हे तिला तुम्ही स्वतः सांगा, माझ्या उत्तराचं कात्रण पुढे करू नका.

आता तुम्ही घेतलेल्या मीटरकडे येऊ.

गाडीला स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहेच. केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती केली, तिच्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच दुरुस्तीने ग्रामीण भागात नव्या जोडणीची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली. आपल्याकडच्या दररचनेत इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगचा वेगळा वर्ग २०१८ पासून आहे. शिवाय स्वतःची गाडी स्वतःच्याच जागेत चार्ज केली तर त्या जागेचा जो दर तोच लागतो, असंही आयोगाने म्हटलं आहे. म्हणजे वाटा दोनच. गाडी घरच्या मीटरवर असेल तर घरगुती दर, चार्जिंगसाठी म्हणून वेगळी जोडणी घेतली असेल तर ईव्ही चार्जिंगचा दर. कमर्शियल यातल्या कुठल्याच वाटेवर नाही. चार्जिंग स्टेशनवर हॉटेल, दुकान, स्वच्छतागृह असेल तर त्या भागाला कमर्शियल दर लागतो. ऑफिसातल्या माणसाच्या डोक्यात बहुधा तेच असावं. तुमच्या पडवीत हॉटेल नाही.

तेव्हा तिन्ही बिलं काढा आणि त्यांवर 'दर संकेत', म्हणजे कोणत्या वर्गाचा दर लावलाय त्याची खूण, कुठे लिहिलाय ते बघा. ग्राहक क्रमांक, मंजूर भार (एका वेळी किती किलोवॉट वीज ओढता येईल तो आकडा), पुरवठ्याची तारीख यांच्या आसपास तो असतो. त्यानंतर जोडणीच्या अर्जाची तुमच्याकडची प्रत काढा आणि त्यावर वापराचं कारण काय भरलंय ते वाचा. 'ईव्ही चार्जिंग' लिहिलेलं असेल तर तुमचं काम सोपं. अर्ज एजंटाने भरला असेल आणि त्याने भलतंच काही टिकमार्क केलं असेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

उपविभागीय कार्यालयाला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून झालं असेल तर ते झालंच नाही असं समजा. अर्जात तीन गोष्टी मागा: दर संकेत दुरुस्त करावा, जोडणीच्या तारखेपासूनची तिन्ही बिलं सुधारून द्यावीत, आणि जास्त भरलेली रक्कम व्याजासह पुढच्या बिलात वळती करावी. व्याजाचं अनेक जण लिहितच नाहीत. वीज कायदा २००३ च्या कलम ६२(६) मध्ये ते आहे. ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल झालेली रक्कम बँक दराने व्याजासकट परत मागता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

तोवर येणारं बिल थकवू नका. वाद चालू असताना पैसे 'निषेध नोंदवून' भरता येतात. भरताना तसं पत्र द्यायचं, म्हणजे भरलं याचा अर्थ मान्य केलं असा होत नाही. कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते, त्यामुळे "उद्या येऊन कट करतो" असल्या बोलण्याला घाबरायचं कारण नाही. अर्जावर काही हललं नाही तर परिमंडळाचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. तीन बिलांच्या फरकासाठी एवढी वेळ येऊ नये. पण अर्जात मंचाचा नुसता उल्लेख असला तरी कागद टेबलावर पडून राहत नाही, असा माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून अंदाज आहे.

समजा दुरुस्ती झाली, ईव्हीचा दर लागला. तरी हा मीटर ठेवावा का? माझं मत, ठेवू नये. निदान या रूपात तरी नाही.

ईव्ही वर्गात टप्पे नसतात, ही त्याची जमेची बाजू. पण स्थिर आकार भारावर लागतो आणि गाडी उभी राहिली तरी तो चुकत नाही. पुन्हा गोल आकडे घेऊ: युनिटला ९ रुपये, स्थिर आकार ३००. १४० युनिटांचे होतात १५६०. एकत्र मीटरवर गाडीमुळे झालेली वाढ होती १५७०. म्हणजे एवढा खटाटोप करून दहा रुपये वाचले. आणि ज्या महिन्यात तुम्ही रजेवर असाल, गाडी ६० युनिटच खाईल, त्या महिन्यात स्वतंत्र मीटरचे ८४० आणि घरच्या मीटरवर वाढ ६६० ची. ज्याचं घर गाडीविनाच ३०० च्या पुढे असतं, एसी चालतात, गाडी महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर पळते, त्याला हा मीटर मानवतो. तुमचं घर त्यातलं नाही.

तुमच्या घराची खरी अडचण गाडीच्या आधीपासूनची आहे. दोन बिऱ्हाडं एका मीटरवर आहेत. दोन्हींना मिळून स्वस्त शंभर युनिटांचा टप्पा एकदाच मिळतो. तुम्ही दुसरा मीटर मागितलात हे ठीक, पण तो गाडीसाठी मागितलात. मागायला हवा होता दुसऱ्या चुलीसाठी.

समजा १७० पैकी भावाकडे ९५ जातात, तुमच्याकडे ७५. दोन घरगुती मीटर असते तर भावाचं बिल ५७० आणि १३० स्थिर आकार, मिळून ७००. तुमच्या मीटरवर ७५ घराचे आणि १४० गाडीचे, एकूण २१५ युनिट. त्याचे १८६५ आणि १३०, म्हणजे १९९५. आज काय चाललंय? जुन्या मीटरचे १३७० अधिक १३० असे १५००, त्यातले ७५० भावाचे आणि ७५० तुमचे. त्यावर ईव्ही मीटरचे १५६० एकट्या तुमचे. एकूण ३०६०. दोन घरगुती मीटरवर तेच २६९५. महिन्याला ३६५ रुपये वाचतात, त्यातले ३१५ तुमचे आणि ५० भावाचे. शिवाय भावजयीचा मीटर ३०० च्या आसपासही जात नाही, सरबताला कोणाची दृष्ट लागत नाही, आणि तुमची गाडी किती फिरली हे बिलावरून बघायचं तिला कारणच उरत नाही. कोकमाच्या हंगामात, एप्रिल-मे मध्ये, फ्रिज आणि मिक्सर जास्त चालून ती शंभरच्या पुढे जाईलही. पण ते तिचं बिल असेल, तिचा धंदा असेल.

एकाच घरात दोन घरगुती मीटर देतात का? नुसते टप्पे फोडण्यासाठी म्हणून मागाल तर देणार नाहीत, आणि देऊही नयेत. पण बिऱ्हाडं खरोखर वेगळी असतील, स्वयंपाकघर वेगळं, येण्याजाण्याची वाट वेगळी, वायरिंग वेगळं, तर वेगळी जोडणी मागता येते. तुमच्याकडे चुली वेगळ्या आहेतच. वायरिंग मात्र बघावं लागेल. जुन्या घरात माजघराचा दिवा एका बाजूच्या बोर्डावर आणि मागच्या पडवीतला पंप दुसऱ्या बाजूच्या, अशी सरमिसळ असते. लायसन्सधारक वायरमनकडून ती सोडवून घ्या आणि त्याचा चाचणी अहवाल अर्जाला जोडा. ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंद दोघांच्या नावे वेगवेगळी झालेली असेल तर उत्तम. नसेल तर दोन रेशनकार्डं उपयोगी पडतील.

नवा खांब, नवी सर्व्हिस वायर असा खर्चही कदाचित लागणार नाही, कारण दुसरा मीटर भिंतीवर आलेलाच आहे, आणि तो तुमच्या नावावर आहे. त्याचाच वर्ग ईव्हीवरून घरगुती करून मागा, तुमच्या बाजूचं वायरिंग त्यावर घ्या, आणि वडिलांच्या नावाचा जुना मीटर भावाच्या नावावर करून टाका. दर दुरुस्तीच्या अर्जाबरोबर हा अर्ज देऊ नका. आधी मागचे पैसे मोकळे करून घ्या, मग वर्गबदल. दोन्ही एकदम दिले तर "आता घरगुती केलं ना, मग झालं" असं म्हणून मागची तीन बिलं विसरली जातात.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. वर्ग बदलल्याचं लेखी मिळत नाही तोवर त्या ईव्ही मीटरवर घरचा एक दिवाही लावू नका. ज्या कारणासाठी जोडणी दिली त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. लाईट गेली की त्या सॉकेटवरून फ्रिजला वायर ओढण्याचा मोह पावसाळ्यात फार होतो. दोन्ही मीटर एकाच पोलवरून आलेले असतात, एकाची गेली की दुसऱ्याचीही गेलेलीच असते, तरी माणसं ओढून बघतात!

बहिणीचं. कोकणात कुठल्याही कागदाला सह्या मागितल्या की मुंबईत कोणाच्या तरी पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही, किती घरं अशीच गेली आहेत. तिला नीट सांगा की लाईट बिल हा मालकीचा पुरावा नाही. मीटर नावावर झाला म्हणून घर नावावर होत नाही, तिचा हिस्सा जिथे आहे तिथेच राहतो. पण तोंडी सांगून तिचं समाधान व्हायचं नाही. वडिलांचा मीटर भावाच्या नावे करताना वारसांचं संमतीपत्र बहुधा मागतीलच. त्यातच एक वाक्य घाला: 'ही संमती केवळ वीजजोडणीपुरती असून त्यामुळे घर व जमिनीतील कोणाच्याही हक्काला बाध येत नाही.' तिन्ही भावंडांच्या सह्या, तिघांकडे एकेक प्रत. गणपतीत ती येईल तेव्हा हे उरकून घ्या. फोनवर समजूत काढत बसू नका, आणि कागद कुरिअरने तर मुळीच पाठवू नका. कुरिअरने आलेला कागद पाहून तुमच्याआधी तिला नणंद-जावा सल्ला देतील.

नाव बदलायचंच आहे तर आणखी एक समजून घ्या. सुरक्षा ठेव साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी धरतात आणि वर्षातून एकदा तिचा आढावा घेतात. गाडीमुळे वाढलेल्या बिलावरून जुन्या मीटरला अतिरिक्त ठेवीचं वेगळं बिल आलं असेल किंवा येईल. ते दंडाचं नसतं, ठेवीवर व्याज मिळतं. पण ते गाडीचं ओझं आहे, भावाच्या गळ्यात टाकू नका.

चार्जर कोणता बसवलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. शोरूमवाले ७ किलोवॉटचा वॉलबॉक्स गळ्यात मारतात. तुम्ही दिवसाला चाळीस किलोमीटर चालता, म्हणजे रोज साडेपाच-सहा युनिट लागतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणाऱ्या, तीनेक किलोवॉटच्या साध्या चार्जरने ते दोन-अडीच तासांत भरतात, आणि गाडी तर रात्रभर उभीच आहे. मोठा चार्जर म्हणजे मंजूर भार वाढवा, पुढे थ्री फेजपर्यंत प्रकरण न्या, आणि थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीच्या आसपास. ज्या वेगाची गरज नाही त्याचं भाडं दर महिन्याला कशाला भरायचं? मात्र साध्या चार्जरलाही जुन्या घराचा एक-दोन किलोवॉटचा मंजूर भार पुरणार नाही. वर्गबदलाच्या अर्जातच भारवाढ मागून घ्या.

रात्री बारानंतरचा टायमर लावा. संध्याकाळी सगळ्या वाडीचे टीव्ही, मिक्सर, पंप चालू असतात तेव्हा व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. ईव्ही वर्गात तर संध्याकाळची वेळ महागही पडते. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारा) असलेल्या घरगुती ग्राहकाला १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे सवलत आहे, पण तेव्हा तुमची गाडी रत्नागिरीत ऑफिसखाली उभी असते. रविवारपुरता तिचा उपयोग.

सोलरचा विचार मनात असेल तर ईव्ही मीटर नको हे आणखी पक्कं होतं. छतावरची वीज ज्या घरगुती मीटरला नेट मीटरिंगने जोडलेली असेल त्याच बिलातून वजा होते. शेजारच्या ईव्ही मीटरचं बिल तिने उतरत नाही. गाडी घरगुती मीटरवर असली की दिवसा छताने दिलेले युनिट रात्री गाडीने खाल्ले तरी हिशेब एकाच खात्यात बसतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य नावालाच असतो, हे धरून आकडे मांडा. पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत जमा झालेले युनिट थोडीफार भर काढतात. कौलारू छप्पर पॅनेल पेलेल का, माडाची सावली किती वाजता येते, आणि माकडांचं काय करायचं, हे प्रश्न मी सोडवू शकत नाही. छप्पर सामाईक आहे, तेव्हा बहिणीच्या संमतीपत्रात त्याचंही एक वाक्य आत्ताच घातलं तर पुढच्या गणपतीपर्यंत थांबावं लागणार नाही.

अर्थिंग तपासल्याशिवाय यातलं काहीही करू नका. आपला जांभा कोरडा पडला की वीज जमिनीत उतरू देत नाही. पावसाळ्यात ठीक चालणारं अर्थिंग एप्रिल-मे मध्ये नावापुरतं उरतं. बरेच चार्जर अर्थिंग नीट नसलं की सुरूच होत नाहीत, लाल दिवा दाखवतात, आणि लोक गाडी बिघडली म्हणून शोरूमला फोन करतात. गाडीसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा काढा, जांभ्याखाली माती लागेल तिथपर्यंत न्या, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहा. चार्जरच्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर. खाऱ्या हवेने मीटरच्या पेटीचे स्क्रू गंजून खालची तार ढिली होते, तिथे ठिणगी पडते आणि पेटी आतून काळी पडते. रीडिंग घ्यायला येणारा ते बघत नाही. दिवाळीनंतर एकदा वायरमनला बोलावून मुख्य स्विच बंद ठेवून घराच्या बाजूचे जोड आवळून घ्या. मीटरच्या सीलला मात्र त्याला हात लावू देऊ नका. सील तुटलेलं दिसलं तर वीजचोरीचा संशय आधी तुमच्यावर येईल.

मीटर जोरात पळतोय असं कधी वाटलं तर २०२४ च्या त्याच नियमांत सोय आहे. तक्रार केल्यापासून पाच दिवसांत कंपनीने दुसरा पडताळणी मीटर बसवायचा आणि निदान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे. तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही, फक्त माहिती असू द्या.

क्रम तेवढा सांभाळा. या आठवड्यात दर दुरुस्तीचा अर्ज आणि पोच. गणपतीत संमतीपत्र. तोवर जुन्या मीटरवर फक्त घर आणि नव्यावर फक्त गाडी. मागच्या महिन्यांचा भावाचा हिस्सा, दर महिन्याचे एकशे एकवीस रुपये, ज्या ज्या महिन्यांत गाडी जुन्या मीटरवर होती त्यांचे मोजून भावजयीच्या हातात द्या. ती "राहू दे" म्हणेल. तरी द्या.